हिरव्या ठेवलेल्या ओळी

"यंदा पुऱ्याच बगीच्याचं पाणी तोडलं," बाबा फोनवर म्हणाले.

"पुऱ्या म्हणजे? विहिरीजवळच्या ओळींचं पण?"

"हाव. त्याइचं बी." मग त्यांनी अकोल्यात ऊन किती आहे ते विचारलं, कुलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या की नाही ते विचारलं, जावयाची चौकशी केली आणि फोन ठेवला. आवाज रोजचाच होता. मी मात्र हातातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. स्टाफरूममधल्या शेजारच्या बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, वडिलांनी झाडांचं पाणी बंद केलंय. त्यांनी मान डोलावली आणि त्या आपल्या डब्याकडे वळल्या. यात बसकण मारण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

माझं माहेर शेंदूरजनाघाटचं. तिथे संत्र्याच्या बागेला कोणी बाग म्हणत नाही, बगीचा म्हणतात, आणि ज्याच्याकडे बगीचा आहे त्याच्या घरात वर्षभर झाडांच्या तब्येतीचीच बोलणी चालतात. ज्याला मृगाचा, म्हणजे पावसाबरोबर येणारा बहार धरायचा असतो, तो एप्रिल-मेमध्ये झाडांचं पाणी तोडतो. याला झाड ताणावर सोडणं म्हणतात. पानं वळायला लागतात, रंग उतरतो, काही गळतात. परका माणूस रस्त्यावरून बघतो तेव्हा त्याला वाटतं, यांचा बगीचा गेला. मग पाऊस लागतो, झाडाला पालवी फुटते आणि पालवीबरोबर फुलं येतात. ज्या झाडाला उन्हाळाभर पाणी मिळालं, ते हिरवंगार राहतं आणि पाल्यावरच समाधान मानतं. तेव्हा बाबांनी केलं ते शहाणपणाचंच होतं. गावात कोणीही म्हणेल, उशिरा का होईना, म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं विहिरीजवळच्या तेवढ्या ओळी त्यांनी भर उन्हाळ्यात हिरव्या का ठेवल्या, हे गावाला माहीत नव्हतं. आम्हाला घरच्यांना माहीत होतं, पण एक प्रसंग सोडला तर आमच्यापैकी कोणी ते कधी बोललं नाही.

एप्रिल आला की अकोल्याला काय होतं ते अकोल्यात राहणाऱ्यालाच विचारावं. सकाळी दहालाच रस्ता तापतो, मुली तोंडाला दुपट्टे गुंडाळून गाड्या चालवतात, नळाचं पाणी दुपारी हात भाजतं. त्याच दिवसांत आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाची परीक्षा असते. मी पदार्थविज्ञान शिकवते. शेवटचा पेपर झाला की मुलं पॅसेजमध्ये घुटमळतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात, आणि मी सवयीनं विचारते, "मग, आता कुठं?"

"पुण्याले, मॅडम."

"पुण्याले काय आहे?"

"मित्र आहे ना."

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. नोकरी नंतर मिळते, आधी मित्राची खोली असते. त्या खोलीत आधीच पाच-सहा जण असतात, आपलेच, मूर्तिजापूरचे, दर्यापूरचे, नांदगावचे. कोणी हिंजवडी म्हणतो, कोणी वाकड म्हणतो. गणित चांगलं असलेले बंगळुरू आणि हैदराबाद म्हणतात. मुंबई म्हणणारे कमी झालेत. नागपूर म्हणणाऱ्याकडे बाकीचे जरा कीव आल्यासारखं बघतात. आणि एखादी मुलगी असते, बहुतेक वेळा वर्गातली हुशारच, ती मान खाली घालून म्हणते, "मी इथंच हाय, मॅडम." नापास झाल्याचं सांगावं तशा आवाजात. मला तिला जवळ घ्यावंसं वाटतं, पण मी नुसतंच "बरं आहे" म्हणते. राहण्यात बरं काय आहे, असं तिनं उलटून विचारायच्या आत मी पुढच्या मुलाकडे वळते.

जूनमध्ये ट्रॅव्हल्सच्या गाड्यांजवळ संध्याकाळी उभं राहून पाहावं. अमरावतीला पाहा नाहीतर अकोल्याला, सगळं सारखंच. मुलगा मोबाइलवर बोलत असतो, वडील डिक्कीत बॅग नीट बसली का ते वाकून बघत असतात, आई खिडकीखाली उभी राहून एकेक सूचना वर पाठवत असते. बॅगेत शेव, पापड, तुरीची डाळ आणि लोणच्याची बरणी, तिच्या तोंडाला प्लास्टिक बांधलेलं. आणि प्रत्येक मुलगा जाताना एकच वाक्य बोलतो. थोडा अनुभव घेतो, मग इकडंच काही तरी करू. हे वाक्य खोटं नसतं. बोलणारा त्या वेळी ते मनापासून बोलतो, म्हणून तर ऐकणारा पुढे कित्येक वर्षं ते सांभाळून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ पंकज असाच गेला. आम्ही दोघं अमरावतीला एका खोलीत राहून शिकलो. मी एमएस्सीला, तो इंजिनिअरिंगला. खोली पत्र्याची होती. परीक्षेच्या दिवसांत आम्ही ओल्या चादरी दाराला लावून अभ्यास करायचो, आणि संध्याकाळी तो मला ओढून गिला वडा खायला न्यायचा. "ताई, डोक्यातली गरमी पोटात जाऊ दे," म्हणायचा. वड्यावर दही, वरून तिखट चटणी, आणि द्रोण संपला की आणखी दही मागायची त्याची सवय. गाडीवाला ओरडायचा आणि द्यायचा. मी अजून अमरावतीला उतरले तर गिला वडा खाते, पण दही मागायचा धीर मला कधीच झाला नाही.

तेव्हा आम्हा दोघांच्याही बोलण्यात बगीचा असायचा. पंकजचं ठरलेलं होतं. गावाकडे संत्रा तोडतात, गाड्या भरतात आणि जसा भाव मिळेल तसा देऊन टाकतात. आपण रस काढायचा, साली वाळवायच्या, त्याचं तेल काढायचं. वहीच्या मागच्या पानावर तो यंत्रांची चित्रं काढायचा. ती पाहून मी हसायचे, आणि बाबा ती घडी करून खिशात ठेवायचे, आल्यागेल्याला दाखवायचे. "पोट्टा शिकून राहिला तं असं काही करीन," ते म्हणायचे. पंकज पुण्याला गेला तेव्हा तो परत येणार नाही अशी शंकाही कोणाला आली नाही. माझ्या लग्नाचं ठरवताना बाबांनी अकोल्याचं स्थळ पाहिलं, तेही याच हिशेबानं. मुलगी जवळ राहील, मुलगा तर येणारच आहे.

मला सांगायचा आहे तो मे महिना यानंतरचा आहे. पंकजचं पुण्यात चांगलं बस्तान बसलं होतं आणि त्यानं फोनवर आईला सांगितलं होतं की त्याच्याच ऑफिसातली एक मुलगी आहे, अनघा, पुण्याचीच. तिचे आईवडील घर बघायला येतो म्हणतात. आमच्याकडे घर पाहणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको. आईनं तीन आठवडे आधीच भिंती झाडल्या, ठेवणीतल्या सतरंज्या उन्हात टाकल्या, मला अकोल्याहून बोलावून घेतलं. आम्ही दोघी कैऱ्या उकडत होतो, कणकेचे सरगुंडे काडीवर वळून वाळत घालत होतो, आणि बाबा मात्र सारखे बगीच्यात जात होते आणि गप्प होऊन परत येत होते.

बगीचा तेव्हा ताणावर होता. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात जोर नसतो, म्हणून आजोबांपासून आमच्याकडे मृगाचाच बहार. पुरी झाडं तोंड पाडून उभी होती. ती तशीच उभी राहायला हवी होती, सगळ्या गावाचीही तशीच उभी होती. पण बाबांना ती पहिल्यांदाच तशी दिसत होती, पुण्याहून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी.

एका सकाळी लाईन आली तशी त्यांनी मोटर सुरू केली आणि विहिरीजवळच्या ओळींना पाणी सोडलं. आमचं घर शेतातच; त्याच्यापुढे, जिथं पाहुण्यांना बसवायचं होतं, तेवढ्याच ओळी. आई धावत गेली.

"काहून हो, ताण तोडता काय? अजून पावसाले लय वेळ हाय."

"पाहुणे पहिल्यांदा येऊन राहिले, अन् झाडं अशी मेल्यावानी?"

"थे काय झाडाशी सोयरीक करून राहिले काय?"

"पोरीले इथं राहाचं हाय ना कधी तरी," बाबा म्हणाले. "असं वाळलेलं पाह्यलं तं म्हणन, इथं कोण राहीन?"

आई तिथेच आळ्यात वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत उभी राहिली. मला ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं, कारण त्या घरात कोणीतरी आपली आशा मोठ्यानं बोलून दाखवल्याचा तो एकच प्रसंग. त्याच्या पुढे-मागे सगळं मनातच.

झाडांनी पाणी पिऊन काय करावं तेच केलं. चार-आठ दिवसांत पानं उघडली, कोवळी पालवी फुटली. थोडी फुलंही आली. त्यांचा वास सकाळी अंगणापर्यंत यायचा, आणि वास आला की बाबा खाली पाहायचे, कारण मे महिन्याच्या उन्हात ती फुलं टिकणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. ती करपली आणि गळली. त्या ओळींचा त्या वर्षीचा बहार गेला. पाहुणे यायच्या दिवशी ओळी मात्र अशा हिरव्या होत्या की पाहणाऱ्याचे डोळे निवावेत.

गाडी थांबली आणि सगळ्यात आधी पंकज उतरला. अनघा आणि तिचे आईवडील मागून उतरत होते. पंकज दोन पावलं पुढे आला, त्यानं त्या ओळींकडे पाहिलं, मग मागच्या बगीच्याकडे, मग परत त्या ओळींकडे. मग वाकून आळ्यातली माती चिमटीत घेतली. ओली होती. मी पन्ह्याचे पेले घेऊन तिथेच उभी होते. त्यानं हळू आवाजात विचारलं, "बाबा, ताण काहून तोडला?"

"गरमी लय होती रे," बाबा म्हणाले.

पंकजनं मातीचा हात पँटला पुसला. शेतकऱ्याचं पोरगं ते, त्याला सगळं कळलं होतं. ते कशासाठी केलंय हे कळलं होतं, आणि आपण त्याच्या लायकीचं काही देऊ शकणार नाही हेही, मला वाटतं, त्याला तिथेच कळलं. नंतर मी त्याच्या तोंडून कधीच "इकडंच काही तरी करू" ऐकलं नाही. फसवायचं नव्हतं म्हणून तो गप्प झाला असणार. पण बाबांना ते गप्प राहणं होकारासारखं वाटत राहिलं.

अनघाचे आईवडील भली माणसं. "उन्हाळ्यातसुद्धा किती हिरवंगार!" काकू म्हणाल्या, आणि बाबा लग्नाच्या नवरदेवासारखे लाजले. बाजा टाकून सगळे झाडांखाली बसले. उन्हाच्या झळा येत होत्या, काका रुमालानं मान पुसत होते, पण बाबांचं मन मोडू नये म्हणून कोणी घरात चला म्हणत नव्हतं. अनघा तेवढी उठून ओळीच्या टोकापर्यंत गेली. तिथून मागचा बगीचा दिसतो.

"काका, ती मागची झाडं वाळली का?" तिनं विचारलं.

बाबांना बोलायला विषय मिळाला. त्यांनी ताण म्हणजे काय, पाणी कधी तोडायचं, फूल कसं येतं, सगळं समजावून सांगितलं. फार मन लावून सांगितलं. तिनंही तितक्याच मन लावून ऐकलं. आणि मग साध्या कुतूहलानं विचारलं, "मग ही झाडं का नाहीत ताणावर?"

पंकज बुटानं माती उकरत होता. शेवटी आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "चला, जेवाले चला. रस गरम होऊन राहिला."

लग्न झालं. थाटात झालं. अनघा आमच्या घरात अशी मिसळली की आईचे अर्धे फोन आता तिलाच असतात. तिला दोष द्यायला मी कधीच धजणार नाही. इथे राहायला यायला ती कधी नाही म्हणाली नाही. तिला कोणी विचारलंच नाही. ते दोघं दर मे महिन्यात येत राहिले, पुढे ईरा झाली, तिला घेऊन येत राहिले. आणि दर एप्रिलमध्ये बाबा मागच्या बगीच्याचं पाणी तोडत राहिले आणि विहिरीजवळच्या ओळींना देत राहिले. पुढे ठिबक आलं, ओळीओळीला कॉक बसले, तेव्हा काम सोपं झालं. बाकीचे कॉक बंद, तेवढे सुरू. ती झाडं ना धड हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या आंबिया बहाराची राहिली, ना धड मृगाची. अधूनमधून चार फळं लागायची ती पाखरं खायची. बगीचा पाहायला येणारे व्यापारी त्या ओळी वगळूनच सौदा करायचे. शेजारचे वसंताकाका एकदा बाबांना म्हणाले, "या झाडाइले नुसतं पोसून राहिला काय गा?" बाबा म्हणाले, "सावलीले ठेवली." संत्र्याच्या झाडाची सावली ती केवढी! वसंताकाका समजूतदार, त्यांनी पुढे विचारलं नाही.

मी महिन्या-दीड महिन्यानं माहेरी जाते. अकोल्याहून अमरावती, पुढे मोर्शी, वरूड, मग गाव. बस बदलून, पदरानं वारा घेत. आईला दवाखान्यात मी नेते, बाबांच्या चष्म्याचा नंबर मला पाठ आहे. मी येणार म्हणून कोणी कधी झाडाला पाणी दिलं नाही, आणि देणार तरी कशाला, जी येतेच तिच्यासाठी कोण काय राखून ठेवतं? हे मला कळतं. तरी त्या ओळींमधून चालताना मला बोचायचं, आणि मी ते हसण्यावारी न्यायचे. "बाबा, माझ्या नावाचं एक झाड तरी हिरवं ठेवा," असं एकदा म्हणाले. "तू तं घरचीच हायेस," ते म्हणाले. ते त्यांनी मायेनंच म्हटलं होतं.

आमच्या कॉलेजात मध्ये एका समारंभाला कोणी मोठे वक्ते आले होते. त्यांना वऱ्हाडाबद्दल दोन गोष्टी माहीत होत्या, त्यातली एक संत्र्याची. झाडाला ताण दिल्याशिवाय फूल येत नाही, तसंच तरुणांनो, घर सोडा, हाल सोसा, बहराल, असं त्यांनी छान रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी गेल्यावर बाबांना सांगितलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "झाडाले पाय नाई ना, म्हणून थे ताण सोसते. पोट्ट्याले पाय असते. थो पाणी असन तिकडं जाते." रागानं नाही म्हणाले. जणू वक्त्यांची एक छोटीशी चूक दुरुस्त करत होते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्यांना सगळं समजलेलं आहे, फक्त त्यांनी पाणी बंद केलेलं नाही.

या गुढीपाडव्याला पंकजनं पुण्यात घर घेतलं. त्याआधी ते भाड्यानं राहायचे, आणि भाड्याचं घर असेपर्यंत बाबांना ते सगळं प्रवासात असल्यासारखं वाटत होतं. आईबाबा वास्तुशांतीला गेले. बाबांनी सोबत आपल्या बगीच्यातली संत्री नेली. घर सुंदर आहे, उजेडाचं, वरच्या मजल्यावरचं. पंकजनं त्यांना प्रत्येक खोली दाखवली, एक खोली "ही तुमची" म्हणून दाखवली. पलंगावर नवी चादर घातलेली, कोपऱ्यात आईच्या देवांसाठी फळी. तिथून आल्यावर आई त्या खोलीचं कौतुक करताना थकत नव्हती. बाबांनी एवढंच सांगितलं, "चांगलं घर हाय. पक्कं बांधकाम हाय." यंदा मे महिन्यात येणं जमणार नाही, नव्या घराचं बरंच काम राहिलंय, ईराचंही कसलं तरी शिबिर आहे, हे पंकजनं त्याच वेळी सांगितलं होतं. आणि मग काही दिवसांनी मला तो फोन आला.

पेपर तपासून झाल्यावर एका रविवारी मी गावी गेले. मोर्शीच्या पुढे दोन्ही बाजूंनी बगीचे सुरू होतात. सगळे तोंड पाडलेले. दरवर्षी मी बसच्या खिडकीतून ते बघत जाते आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. पण आमच्या शेताच्या वळणावर आले की लांबून एक हिरवी पट्टी दिसायची आणि तिथे माझी मान आपोआप वळायची. यंदाही वळली. पट्टी नव्हती. एकसारखा बगीचा होता, कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते कळू नये असा. मला रडू आलं. आपल्याला कधी न मिळालेल्या गोष्टीसाठी रडावं, याची मला लाजही वाटली.

बाबा मात्र मजेत होते. बाजेवर बसून त्यांनी मला यंदाचा सगळा बेत ऐकवला. झाडं वर्षानुवर्षं पोसलेली आहेत, त्यामुळे या ओळींना मागच्या बगीच्यापेक्षा जास्त फूल येणार. जागा विहिरीजवळची, माती सकस. "आतापर्यंत लय आराम केला त्याइनं," म्हणाले. त्यांनी ओळीतून मला हिंडवलं. वळलेलं एक पान खुडून हातावर ठेवलं आणि अजून किती ताण बसायला हवा ते सांगितलं. चांगला शेतकरी चांगल्या बेताबद्दल बोलतो तसे ते बोलत होते, आणि मी हं हं करत होते.

तेवढ्यात पंकजचा व्हिडिओ कॉल आला. बाबा फोन नेहमीसारखा कानाला लावायला गेले, मी तो त्यांच्या समोर धरून दिला. पडद्यावर ईराचा चेहरा होता, समोरचे दोन दात पडलेले.

"आबाजी, बगीचा दाखवा ना."

बाबांनी फोन वळवला. एकेका ओळीवरून तो हळूहळू फिरवला.

"आबाजी, झाडं आजारी आहेत?"

"नाई माय. ताणावर हायेत. पाणी बंद केलं."

"आपली झाडं पण?"

आपली झाडं म्हणजे विहिरीजवळची. तिला बाकीचा बगीचा माहीतच नाही. तिनं दर मे महिन्यात तीच पाहिली आहेत, त्यांच्याखाली आंबे खाल्ले आहेत, आणि उन्हाळ्यात गावी सगळं हिरवं असतं असं ती तिच्या शाळेत सांगते.

"हाव," बाबा म्हणाले. "आपली बी."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मी बाजूला सरकून पाहिलं, तर पडद्यावर पंकज होता. तो झाडं बघत होता, बाबांनीही फोन तसाच झाडांकडे धरून ठेवला होता. त्या दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. पंकज म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी मी त्याला आपल्या बोलीत बोलताना ऐकलं, "बाबा, तेवढ्या ओळीइले पाणी सोडा ना. मी येतो दिवाळीले. नक्की येतो."

"दिवाळीले तं झाडं आपोआपच हिरवी असते रे," बाबा म्हणाले. "तवा ये."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, पंकजला भांडता आलं असतं. तो "बरं" म्हणाला. मग आईनं फोन घेतला आणि वाळत घातलेले पापड कोणाबरोबर पाठवायचे यावर बोलणं सुरू झालं. बाबा उठून झाडाखाली पडलेली पानं पायानं बाजूला सारत राहिले.

परतीच्या बससाठी ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. पिशवी त्यांनीच धरली होती. बस लांबून दिसली तेव्हा ती माझ्या हातात देत म्हणाले, "विहिरीजवळच्या ओळीले फळ आलं की पहिली पेटी तुले पाठवतो. इतक्या वर्षात त्या झाडाचं तू काही खाल्लं नाईस ना."

मी "पाठवा" म्हटलं आणि बसमध्ये चढले. इतकी वर्षं मला असंच काहीतरी ऐकायचं होतं. खिडकीतून मागे वळून पाहिलं तर बाबा अजून तिथेच उभे होते, त्यांच्या मागे सगळा बगीचा एका रंगाचा होता, आणि मला ती पेटी नको होती.